तपासले, दोष आढळला नाही

आमच्या सासऱ्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात एक रबरी शिक्का आहे. त्यावर चारच शब्द आहेत: ‘तपासले. दोष आढळला नाही.’ खाली तारीख फिरवायची बारीक चाकं. टेलिफोनच्या तक्रार कक्षात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि शिक्का त्यांनी आपला आपण आणला. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं. शिक्का अजून उत्तम चालतो.

ऑफिसात लोक त्यांना ‘ओके साहेब’ म्हणत. त्यांना वाटायचं, कौतुकाने म्हणतात.

त्यांची तपासण्याची पद्धत साधी होती. कुणी लिहून दिलं की फोन बंद आहे, तर सकाळी अकरा वाजता, म्हणजे चहा झाल्यावर, ते आपल्या टेबलावरून तो नंबर फिरवत. पलीकडे बेल वाजली की फोन चालू. फोन चालू म्हणजे तक्रार खोटी. शिक्का. एका औषध दुकानदाराने अकरा वेळा तक्रार केली होती की लोक मला फोन करतात, मला त्यांचं ऐकू येतं, पण माझं त्यांना ऐकू जात नाही. अकरा वेळा सासऱ्यांनी नंबर फिरवला, बेल ऐकली आणि फोन ठेवून दिला. बाराव्या वेळी दुकानदार स्वतः आला.

“साहेब, मी बोलतो ते समोरच्याला ऐकू जात नाही हो!”

“कोण म्हणतं? मला तर तुमचं स्वच्छ ऐकू येतंय,” सासरे म्हणाले, आणि समोरच शिक्का मारला.

हा किस्सा ते अजून जेवताना सांगतात. सांगताना स्वतःच इतके हसतात की ठसका लागतो. त्यांची पक्की समजूत आहे की किस्सा त्या दुकानदाराच्या मूर्खपणाचा आहे.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, फिरायला जातात. सासऱ्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे घरात तक्रार वही सुरू केली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, रेघा मारलेली. तारीख, तक्रार, तपासणी, निष्कर्ष. नळ गळतोय, पंखा कुरकुरतोय, जे असेल ते वहीत लिहायचं. “तोंडी तक्रार घेतली जात नाही,” हे वाक्य आमच्या घरात मीठ मागावं इतक्या सहज बोललं जातं. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात बाथरूमची कडी बसत नाही म्हणून लिहिलं होतं. सासऱ्यांनी बाहेरून दार ओढून पाहिलं, ते बंद झालं. शिक्का बसला. कडी आतून बसत नव्हती. ती शेवटी माझ्या नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन, वही न उघडता, चोरून दुरुस्त केली.

दुसरी गोष्ट म्हणजे आगगाडी.

घराची मागची खोली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात उजेडाची. दोन बाजूंना खिडक्या, संध्याकाळी पाचपर्यंत ऊन. तिथे तीन भिंतींना लागून, कमरेएवढ्या उंचीवर त्यांनी प्लायवुड ठोकलं आणि त्यावर रूळ टाकले. एक स्टेशन, एक पूल, कागदाच्या लगद्याचा एक डोंगर, त्यातून बोगदा. स्टेशनपासून बोगद्यापर्यंत चढ. फलाटावर बोटाच्या पेराएवढी माणसं सहा वर्षं गाडीची वाट बघत उभी आहेत, आणि त्यांच्याकडेही तक्रार वही असती तर तिच्यात काय लिहिलं गेलं असतं ते मला माहीत आहे.

आणि सासूबाई? सासूबाई शिवणकाम करतात. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून करतात. पडदे, अभ्रे, पिशव्या, शाळेचे गणवेश. त्यांचं मशीन स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात आहे. बोळ चार फूट रुंद. कुणाला बाथरूमला जायचं असेल तर त्यांना खुर्ची पुढे ओढून पोट मशीनला टेकवावं लागतं. वर एक बल्ब आहे, ज्याला उजेड म्हणणं म्हणजे उपकार. त्याबद्दल त्यांनी सहा वर्षांत वहीत सतरा वेळा लिहिलं आहे. ‘बोळात दिसत नाही.’ सतराही वेळा सासऱ्यांनी भर दुपारी, दोन्हीकडची दारं उघडी ठेवून, होल्डरमध्ये मीटरच्या काड्या घालून व्होल्टेज मोजलं. व्होल्टेज बरोबर होतं. मी एकदा वही चाळली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सासूबाईंचं अक्षर दर तक्रारीला थोडं थोडं मोठं होत गेलंय. पहिली तक्रार एका ओळीत मावली होती. सतरावीला तीन ओळी लागल्या.

आता मुख्य पात्राकडे येते. ते म्हणजे इंजिन.

वीतभर लांबीचं निळं डिझेल इंजिन. अशी खेळण्यातली इंजिनं सहसा रुळांतून वीज घेतात. सासऱ्यांना ते पटलं नाही. रुळांवर धूळ बसते, धूळ म्हणजे दोष, आणि दोष त्यांच्या राज्यात आढळत नाही. म्हणून त्यांनी इंजिनाच्या पोटात बॅटरी बसवली आणि हातात रिमोट घेतला. बॅटरी कुठली? माझ्या नवऱ्याचा जुना लॅपटॉप भंगारात निघाला होता, त्याच्या बॅटरीतून काढलेले दोन सेल. सेल मोजले, बरे वाटले, त्यांवर पांढरी चिठ्ठी चिकटवून त्यांनी ‘ओके’ लिहिलं, सही केली आणि तारीख घातली. शिवाय टपाल तिकिटाएवढा आवाजाचा सर्किट बोर्ड आणि नाण्याएवढा स्पीकर. रिमोटचं बटण दाबलं की इंजिन आधी खोकायचं, मग घुरघुरायचं, मग भोंगा. इतक्याशा खोक्यातून खऱ्या इंजिनासारखा आवाज यायचा, हे मात्र मान्य केलं पाहिजे. त्यांनी ते काम हाताने केलं होतं आणि नेटकं केलं होतं. सोल्डरिंगचा एक डागही कुठे वेडावाकडा नव्हता.

यंदा ते बिघडलं.

पहिल्या चार-पाच फेऱ्या ठीक व्हायच्या. मग चढावर भोंगा वाजवला की गळा धरल्यासारखा आवाज, खरखर, आणि शांतता. क्षणभराने, गाडी चालू असतानाच, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात: खोकला, घुरघुर. जेवून उठलेल्या माणसाने परत ताटावर येऊन बसावं तसं. पुढे बोगद्यात शिरलं की इंजिन तिथेच बसायचं. डबे अर्धे आत, अर्धे बाहेर. दहा मिनिटं थांबलं की ते आपोआप ताजंतवानं होऊन पुन्हा निघायचं.

सासऱ्यांनी वहीत रीतसर नोंद केली. तक्रारदार: स्वतः. तपासणी: स्वतः. इंजिन टेबलावरच्या स्टँडवर चढवलं. या स्टँडला खाली गोल फिरणारे छोटे रोलर आहेत, त्यामुळे चाकं नुसती जागच्या जागी भिरभिरतात. इंजिन तिथे अर्धा तास गोड आवाजात चाललं. बॅटरीला मीटर लावला. आठ पूर्णांक एक व्होल्ट. भरलेली. शिक्का.

रुळावर ठेवलं. बोगदा. शांतता.

मग त्यांनी स्पीकर बदलला. मग बदललेला स्पीकर बदलला. सगळ्या तारा उकलून पुन्हा डाग दिले. मग संशयाची सुई इंजिनाच्या बाहेर वळली. आधी इमारतीच्या लिफ्टवर, मग वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या मिक्सरवर. वरच्या बाईंना त्यांनी लेखी विचारलं की आपण मिक्सर किती वाजता लावता. त्यांनी तोंडी उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी एके दिवशी बोळाच्या भिंतीवर कागद लागला: ‘इंजिन चालू असताना शिलाई बंद ठेवावी. मशीनच्या मोटरमुळे आवाजात बिघाड संभवतो.’ खाली सही.

सासूबाईंनी कागद वाचायला चष्मा लावला, मग बल्बच्या अगदी खाली नेऊन वाचला. मशीनवर कापड झाकलं. तीन दिवस मशीन बंद. त्याच आठवड्यात त्यांनी वाचनालयाच्या सभागृहाचे चौदा पडदे शिवायला घेतले होते. एकेक पडदा साडेतीन मीटर. तो चार फुटी बोळात उलगडायचा म्हणजे अर्धा पडदा स्वयंपाकघरात आणि अर्धा बाथरूममध्ये.

तीन दिवस इंजिन बोगद्यात नेमाने झोपलं.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई मागच्या खोलीत गेल्या. मी सुट्टीवर होते, चहाचा ट्रे घेऊन मागोमाग गेले.

“अहो, तीन दिवस झाले माझं मशीन बंद आहे. तुमचं इंजिन चालायला लागलं का?”

“तपास चालू आहे.”

“दीड महिना चालू आहे. आता ऐका. या रविवारी दहा फेऱ्या मारून दाखवा. आवाजासकट. न थांबता. जमलं तर मी या खोलीचं पुन्हा नाव काढणार नाही, पडदे जिन्यात बसून शिवीन. नाही जमलं तर सोमवारी माझं मशीन या खिडकीखाली येईल आणि तुमची गाडी बोळात.”

सासरे हसले. “अगं, तोंडी...”

“माहीत आहे.” त्यांनी कापडाचे नमुने कापायच्या तपकिरी कागदाचा तुकडा पुढे केला. वर मोठ्या, टप्पोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतंच: ‘रविवार, अकरा वाजता. दहा फेऱ्या. आवाजासकट. मध्ये न थांबता. नाहीतर खोली माझी.’ अठरावी तक्रार म्हणा हवं तर.

सासऱ्यांनी कागद दोनदा वाचला. एकतीस वर्षांची सवय, दोनदा वाचल्याशिवाय सही नाही. मग सही केली. माझ्या नवऱ्याला साक्षीदार म्हणून बोलावलं तर तो म्हणाला, “मी दोघांच्याही घरात राहतो. मला यात ओढू नका,” आणि चपला घालून निघून गेला.

मी श्रवणयंत्रं दुरुस्त करते. कानामागे लावतात ती. आमच्याकडे दिवसभर एकच रडगाणं असतं: सकाळी बोलतं, दुपारी गप्प होतं. आवाज आणि बॅटरी, दुसरं काही नाहीच. त्यामुळे इंजिनाची लक्षणं मी पहिल्याच दिवशी ओळखली होती. बॅटरी म्हातारी झाली की बसल्या जागी ती भरलेलीच दिसते. काम सांगा, मग खरं कळतं. मोटर चढावर जोर मागते, भोंगा त्याहून जोर मागतो, दोघं एकदम मागायला लागले की बॅटरीचा जीव जातो, व्होल्टेज खाली कोसळतं आणि आवाजाचं सर्किट बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा मिनिटं विश्रांती मिळाली की बॅटरी पुन्हा सभ्य चेहरा करून बसते.

हे मी पुन्हा एकदा सांगितलं.

“बाबा, बॅटरी बदला. ती दमलीय.”

“सूनबाई, आठ पूर्णांक एक.” त्यांनी मीटर माझ्यापुढे धरला. “मीटर खोटं बोलतो का?”

“मीटर खरंच बोलतोय. पण त्याला इंजिन उभं असताना विचारलंय. चढावर असताना विचारा.”

“तुझं ते कानातलं यंत्र झालं. हे इंजिन आहे.”

ते ‘इंजिन’ अशा आवाजात म्हणाले की जणू त्या निळ्या डब्यात पाचशे माणसं बसलीत आणि मी त्यांच्या जिवाशी खेळतेय.

बोळातून सासूबाईंचा आवाज आला. मशीन आता पुन्हा सुरू होतं, कारण कागदावर सही झाल्यापासून त्यांनी तो भिंतीवरचा हुकूम काढून त्यात टाचण्या टोचून ठेवल्या होत्या.

“माझंही मशीन रिकामं फिरवलं की काय सुरेख वाजतं! पडद्याचे चार पदर घाला सुईखाली, मग बघा कसं कण्हतं. रिकामं फिरवून कुणाला काय कळलंय आजवर?”

“हा विजेचा विषय आहे,” सासरे म्हणाले. “तू मध्ये बोलू नकोस.”

“बरं. माणसाचंही तेच असतं, तेवढं लक्षात ठेवा. ताटावर सगळेच भरलेले दिसतात. भाजीची पिशवी हातात दिली की जिन्यात बसतात.”

गेल्या महिन्यात जिन्यात कोण बसलं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सासऱ्यांनी दार लावून घेतलं.

शुक्रवारी मी लवकर घरी आले. मागच्या खोलीचं दार किलकिलं होतं. सासऱ्यांनी बॅटरीला दोन लांब, केसासारख्या बारीक तारा जोडून इंजिनाच्या छतातून बाहेर काढल्या होत्या. त्यांच्या टोकाला मीटर. गाडी चालत होती आणि मीटर हातात घेऊन ते तिच्या बाजूने चालत होते. दवाखान्यात सलाइनची बाटली धरून नातेवाईक चालतो ना, तसे. उभी असताना आठ पूर्णांक एक. निघाली तेव्हा सात पूर्णांक दोन. चढ लागला, सहा पूर्णांक सहा. त्यांनी भोंगा दाबला. पाच पूर्णांक आठ. खरखर. शांतता.

आकडे मला दारातून दिसत होते कारण मीटर मोठ्या आकड्यांचा आहे. त्यांनाही आता बारीक वाचवत नाही, पण त्याबद्दल वहीत काही नोंद नाही.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. त्यांना कळलं होतं. माणसाच्या मानेवरून कळतं. मला वाटलं, आता वळतील, मला हाक मारतील. मी पर्समध्ये दोन नवे सेल आणून ठेवले होते, आमच्या कामाच्या ठिकाणच्या साठ्यातून विचारून.

ते वळले नाहीत. त्यांनी डबे सोडवले, एकट्या इंजिनाला चढावर पाठवलं आणि मीटर पाहिला. मग रिमोटवर आवाज दहावरून दोनवर आणला आणि पुन्हा पाहिला. मान डोलावली. मग तारा अलगद काढल्या, छत बसवलं, टेबल पुसलं.

संध्याकाळी वहीत नवी नोंद होती. तपासले. दोष आढळला नाही.

मी सेल त्यांच्या टेबलावर ठेवून आले. सकाळी ते माझ्या टेबलावर परत आले होते, पांढऱ्या चिठ्ठीसकट: ‘आवश्यकता नाही.’

मला आधी राग आला. मग उलगडलं. नवी बॅटरी बसवायची तर जुनी बाहेर काढावी लागणार, आणि जुनीवर त्यांची सही होती. जी वस्तू ओके म्हणून सही करून दिली ती खराब होती हे लिहायचं कोणत्या रकान्यात? वहीत तसा रकानाच नव्हता. एकतीस वर्षांत तो लागलाच नव्हता.

रविवारी पावणेअकराला गार्डकाका आले. सासऱ्यांचे एकमेव मित्र, घड्याळं दुरुस्त करायचे. दोघांच्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या छंदमंडळात गाडी सुटताना शिट्टी फुंकायचा मान त्यांचा, म्हणून गार्ड. ते शिट्टी, हिरवा झेंडा आणि गळ्यात एक घड्याळ घेऊनच आले. सासूबाईंनी त्यांना पंच नेमलं. सासऱ्यांची हरकत नव्हती. घड्याळजी म्हणजे काटेकोर माणूस, आणि कागद काटेकोर वाचला तर आपण जिंकलो अशी त्यांची खात्री होती.

रुळावर इंजिन उभं होतं. एकटं.

“डबे कुठेत?” सासूबाईंनी विचारलं.

“कागदात डबे आहेत का?”

गार्डकाकांनी भिंग डोळ्याला लावून तपकिरी कागद वाचला. “डबे नाहीत, वहिनी.”

“नसतील. लिहायचे राहिले,” सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीखाली स्टूल घेऊन बसल्या. हातात पडद्याची किनार होती. त्या उजेडात त्यांनी पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. मी त्यांच्याबरोबर चार वर्षं राहतेय. असं कधी पाहिलं नव्हतं.

शिट्टी. इंजिन निघालं. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. गार्डकाका दर फेरीला झेंडा हलवत आणि मोठ्याने आकडा म्हणत. डबे नसलेलं इंजिन पळताना असं दिसतं की कुणीतरी लग्नाला निघालंय आणि वरात घरी विसरलंय. पाचवी. सहावी. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू अकरा वाजताचा, चहा झाल्यानंतरचा तो जुना भाव आला. सातवी झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“काय सूनबाई, दमलेली बॅटरी?”

इंजिन चढ चढत होतं आणि मी कान देऊन ऐकत होते. चाकांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

सासूबाईंनी किनार मांडीवर ठेवली.

“गार्डभाऊजी, थांबा. तुम्हाला आवाज येतोय?”

“कशाचा?”

“इंजिनाचा. कागदात लिहिलंय, आवाजासकट.”

गार्डकाकांनी मान तिरकी केली. इंजिन त्यांच्यासमोरून गेलं. त्यांनी नको तितका वेळ विचार केला.

“आवाज चालू आहे,” सासरे म्हणाले. “इंजिनातून निघतोय. कान लावून ऐका.”

“इंजिनाला कान लावायला मी डॉक्टर आहे का?” सासूबाई म्हणाल्या. “मला इथे बसून ऐकू येत नाही.”

“मला तर स्वच्छ ऐकू येतंय.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि गार्डकाकांच्या हातातला झेंडा खाली आला. माझा नवरा दारात येऊन उभा होता, तो खाली बघून खांदे हलवायला लागला. तो औषध दुकानदाराचा किस्सा त्यानेही लहानपणापासून प्रत्येक जेवणात ऐकलाय. गार्डकाकांनीही ऐकलाय. सासऱ्यांनाही तो आठवला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले. माझी खात्री नाही, पण त्या क्षणी त्यांना तो किस्सा पहिल्यांदा पलीकडच्या बाजूने ऐकू आला असेल.

“माझा निर्णय असा,” गार्डकाका घसा साफ करून म्हणाले, “की ज्याची तक्रार आहे त्याला ऐकू आलं पाहिजे. नाहीतर तक्रार मिटली असं कसं म्हणणार?”

“तू माझा मित्र आहेस की नाही?”

“मित्र आहे म्हणून तर अजून शिट्टी वाजवली नाही. आवाज वाढव.”

सासऱ्यांनी रिमोटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटतं, त्या वेळी जरी त्यांनी ‘सेल आण’ म्हटलं असतं तरी मी धावत गेले असते आणि गार्डकाकांनी पाच मिनिटं घड्याळाला किल्ली देत काढली असती. सासूबाईंनीही ती पाच मिनिटं दिली असती. त्या तशाच आहेत.

त्यांनी आवाज दोनवरून दहावर नेला.

इंजिन गरजलं. आठवी फेरी दणक्यात झाली. खिडकीची तावदानं थरथरली, वरच्या बाईंनी जमिनीवर काहीतरी आपटलं. नवव्या फेरीला स्टेशन सोडलं आणि चढ लागला. सासऱ्यांनी भोंगा वाजवला. वाजवायची गरज नव्हती, कागदात भोंगा नव्हता. पण खरं इंजिन बोगद्याआधी भोंगा वाजवतं, आणि या माणसाच्या अंगात जे काही खरं होतं त्यापैकी ते एक. भोंग्याचा गळा धरला गेला. खरखर. शांतता. मग खोकला, घुरघुर, पुन्हा पहिल्यापासून. निळी पाठ बोगद्यात शिरली.

आम्ही सगळे बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिलो.

गार्डकाकांनी खिशातून टॉर्च काढून आत मारला. “आहे. आत आहे.”

“दहा मिनिटं थांबा,” सासरे म्हणाले. “निघेल.”

“‘न थांबता’ लिहिलंय रे,” गार्डकाका हळूच म्हणाले, आणि त्यांनी शिट्टी वाजवली नाही, नुसता झेंडा गुंडाळला.

सासूबाई उठल्या. जिंकलेल्या माणसासारखं काही त्यांनी केलं नाही. टेबलावरची वही उचलून पुढे ठेवली. सासऱ्यांचा हात सवयीने खणाकडे गेला. शिक्का बाहेर आला, शाईच्या डबीवर टेकला, आणि वहीवर यायच्या आधी सासूबाईंनी पानावर आपला पंजा ठेवला.

“हातावर मारायचा असेल तर मारा,” त्या म्हणाल्या. “नाहीतर पेन घ्या. काय आढळलं ते लिहा.”

बराच वेळ गेला. दहा मिनिटं झाली असावीत, कारण बोगद्यातून खोकण्याचा आवाज आला, घुरघुर झाली आणि निळं इंजिन कुणीही न बोलावता ताजंतवानं बाहेर येऊन नववी फेरी पूर्ण करून स्टेशनात उभं राहिलं. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. सासऱ्यांनी पेनाने लिहिलं: ‘दोष आढळला.’ कारणाच्या जागी थोडं थांबले. मग लिहिलं, ‘बॅटरी.’ त्यापुढे कुणाचं नाव नव्हतं. ‘सून म्हणाली होती’ एवढं लिहिलं असतं तर शाई संपली नसती, पण असो.

सोमवारी सासूबाईंचं मशीन खिडकीखाली आलं. प्लायवुडचा एक लांब भाग कापडं कापायला ठेवला, डोंगर तेवढा माझ्या नवऱ्याने सांभाळून उतरवला. चौदा पडदे नऊ दिवसांत झाले. सासूबाई आता गाणं म्हणत शिवतात. ते इतकं बेसूर असतं की त्यापुढे बोळातला बल्बही बरा वाटावा.

गाडी बोळात गेली. चार फुटांत दोन रूळ आणि वळण बसेना, म्हणून आता ती नुसती स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत जाते आणि परत येते. नवे सेल बसलेत. आवाज दहावर असतो, डबे सगळे जोडलेले असतात, भोंगा कुठेही अडकत नाही. कुणाला बाथरूमला जायचं असेल तर सासऱ्यांना स्टूल पुढे ओढून पोट भिंतीला टेकवावं लागतं.

दोन आठवडे त्यांनी वही उघडली नाही. तिसऱ्या आठवड्यात वहीत त्यांच्या हातची नोंद आली: ‘बोळात उजेड अपुरा. डाग देताना तार दिसत नाही.’

सासूबाईंनी ती वाचली. दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर, बरोबर अकरा वाजता त्या बोळात आल्या. स्वयंपाकघराचं दार उघडलं, बाथरूमचं दार उघडलं. दोन्हीकडून ऊन आत आलं. त्यांनी बटण दाबलं. बल्ब लागला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“लागतोय की,” त्या म्हणाल्या.

“अगं, पण आत्ता अकरा वाजलेत, दारं उघडी आहेत...”

“तोंडी नको,” सासूबाई म्हणाल्या आणि सासऱ्यांच्या टेबलाच्या खणातून शिक्का काढून तारखेची चाकं नीट फिरवली.

त्या आठवड्यात सासऱ्यांनी त्याच बल्बबद्दल आणखी एकदा लिहिलं. मी वही उघडून दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दुसरीचं अक्षर पहिलीपेक्षा थोडं मोठं होतं.